उंची तीच, मग जिन्यानेच धाप का लागते?

तुमचा प्रश्न असा: स्टेशनच्या पुलावर जिन्याने चढलं की धाप लागते, रॅम्पने गेलं की लागत नाही, दोन्हीकडून चढायची उंची तर सारखीच. मग जिन्याने जास्त शक्ती खर्च होते का?

नाही. एकूण हिशेब केला तर रॅम्पवरच थोडी जास्त होते. फरक आहे तो किती वेळात खर्च होते याचा.

पूल 6 मीटर उंच आणि तुमचं वजन 60 किलो धरू. शरीर वर उचलायला 60 × 9.8 × 6 म्हणजे साधारण 3,500 जूल लागतात, वाट कुठलीही असो. स्नायू खाल्लेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते, म्हणून शरीराला प्रत्यक्षात साडेतीन किलोकॅलरीच्या आसपास मोजावी लागते. 15 सेंटीमीटरच्या 40 पायऱ्या आपण वीसेक सेकंदांत चढतो. बारा फुटांना एक फूट चढणारा रॅम्प मात्र 72 मीटर लांब होतो, त्याला मिनिटभर लागतं. म्हणजे जिन्यावर मांड्या सुमारे 175 वॉटने काम करतात आणि रॅम्पवर 60 वॉटने. रॅम्पवर पुढे चालण्याचा खर्च वेगळा पडतो, पण तो सावकाश पडतो, म्हणून जाणवत नाही.

एक गोष्ट नीट बघा: धाप जिन्याच्या मध्यावर फारशी लागत नाही, वर पोचून पुलावर उभं राहिलं की लागते. पहिले काही सेकंद स्नायू स्वतःजवळच्या साठ्यावर भागवतात. हृदय आणि श्वास जोर धरेपर्यंत जिना संपलेला असतो, आणि मग उसनवारी फेडायची वेळ येते. त्यामुळे वर पोचल्यावर मिनिटभर छाती धपापली तर लगेच घाबरू नका. मात्र छातीत दुखलं, जबड्यात किंवा हातात कळ आली, चक्कर आली किंवा पूर्वी सहज चढत होता तोच जिना अलीकडे जड जाऊ लागला असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. हे वयावर ढकलू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आता पायांचं. चढणीवर पाऊल लहान करता येतं, नागमोडी जाता येतं. सह्याद्रीतल्या जुन्या पायवाटा वळणं घेत जातात त्या त्यामुळेच. जिन्यावर ही मुभा नाही: पायरी जेवढी उंच, तेवढं शरीर दर पावलाला एका वाकलेल्या गुडघ्यावर उचलायचं. म्हणून जिन्याने मांड्या भरून येतात आणि वाटी दुखणाऱ्यांना तो नकोसा होतो. चढणीवर टाच खाली आणि चवडा वर राहतो, त्यामुळे सगळा ताण पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. टाच दुखणाऱ्या माणसाला उभ्या रॅम्पपेक्षा जिनाच बरा वाटतो, कारण पायरीवर पाऊल सपाट पडतं.

देवळांच्या टेकड्यांवर रुंद, पसरट पायऱ्या असतात, पुण्यातल्या पर्वतीसारख्या. तिथे एका पायरीत दीड पाऊल बसतं, म्हणून दर पायरीला दोन पावलं टाकावी लागतात आणि दर वेळी तोच पाय वर पडत राहतो. एकच मांडी दुखायला लागली तर मध्ये एक जादा पाऊल टाकून पाय बदला, लगेच फरक कळेल.

उतरण्याचं गणित निराळं. उतरताना श्वास शांत असतो, पण मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन धरून ठेवतो. गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या यानेच. गुडघे कुरकुरत असतील तर उतरायला तरी रॅम्पच घ्या.

आणि जिन्यानेच जायचं असेल तर वीस सेकंदांऐवजी चाळीस घ्या. कठड्याला हात लावा, प्रत्येक पायरीवर पूर्ण पाऊल टेकवा. लोकल चुकली तर पुढची येते.