एका ख्यालाचे किती पैसे?

गाणे ऐकण्याच्या बदलत्या साधनांविषयी गेल्या अंकात आलेल्या लेखानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता. ॲपसाठी आपण दरमहा भरतो ते पैसे गाणाऱ्यापर्यंत पोहोचतात का, आणि पोहोचत नसतील तर दुसरी वाट कोणती? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. रोज सकाळी एका तरुण गायिकेचे ख्याल मोबाइलवर ऐकतो आणि त्यासाठी ॲपची वर्गणी न चुकता भरतो. माझी मुलगी म्हणते की माझ्या वर्गणीतून त्या गायिकेला जवळजवळ काहीच मिळत नाही. मी तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला फारसे ऐकतच नाही, मग माझे पैसे जातात कोठे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. आपली वर्गणी आपल्या नावाच्या वेगळ्या पाकिटात ठेवली जात नाही. स्पॉटिफायसारखी मोठी सेवा वर्गणीचे आणि जाहिरातींचे पैसे जणू एका हौदात ओतते, त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी काढते आणि महिनाभरात कोणाचे गाणे एकूण किती वेळा वाजले त्या प्रमाणात तो वाटते. समजा, अशा सेवेचे दोनच ग्राहक आहेत. एक आपण आणि दुसरा, कामात व प्रवासात दिवसभर गाणी लावून ठेवणारा एक तरुण. दोघांच्या वर्गणीतून वाटपासाठी प्रत्येकी १०० रुपये निघाले. आपण महिन्यात ५० वेळा त्या गायिकेला ऐकले, त्या तरुणाने ९५० वेळा चित्रपटगीते ऐकली. हजार वेळांचे २०० रुपये, म्हणजे प्रत्येक वेळेचे २० पैसे. गायिकेच्या वाट्याला आले १० रुपये, आणि आपल्या शंभरांतले उरलेले ९० रुपये आपण कधी न ऐकलेल्या गाण्यांकडे गेले. यात कोणी लबाडी केली असे नाही, हिशेबाची रीतच तशी आहे.

ख्यालाच्या वाट्याला याहून वाईट गोष्ट येते, आणि तिची चर्चा फारच थोडी होते. गाणे तीस सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले अशी नोंद स्पॉटिफायवर होते. त्यानंतर ते तीन मिनिटे चालले काय किंवा पाऊण तास चालले काय, मोजणी एकच. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालातला बडा ख्याल आलाप, बोलआलाप (शब्दांसह आलाप) आणि तानांसह पाऊण तास रंगतो, तेवढ्या वेळात त्या तरुणाची दहा-बारा गाणी सहज होतात. म्हणजे वेळ दोघांनीही सारखाच दिला, पण एका बाजूला एक नोंद आणि दुसऱ्या बाजूला दहा-बारा. सगळा राग एका बैठकीत मांडणाऱ्या कलाकाराला या हिशेबात जागाच ठेवलेली नाही. शिवाय २०२४ पासून त्याच सेवेवर, मागील बारा महिन्यांत किमान १००० वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला वाटपातून काहीही मिळत नाही. नुकत्याच पुढे येऊ लागलेल्या गायिकेच्या अनेक रागांची गत अशी होऊ शकते.

त्यातही ‘हक्कधारक’ म्हणजे गायिका असेच नाही. ध्वनिमुद्रण एखाद्या कंपनीने ठोक रक्कम देऊन आपल्याकडे घेतले असेल, तर ते दहा रुपये प्रथम त्या कंपनीकडे जातात. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मोठा आधार दिला. त्यांचा रॉयल्टीचा हक्क आता वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज इतर कोणाला लिहून देता येत नाही. परंतु पारंपरिक बंदिश गाणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण ती बंदिश बांधणारा केव्हाच होऊन गेलेला असतो.

प्रत्येक श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलाकारांतच वाटावी, ही मागणी जुनी आहे. साउंडक्लाउड या सेवेने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी तशी पद्धत सुरू केली. वरच्या उदाहरणात त्या पद्धतीने आपले शंभरच्या शंभर रुपये गायिकेच्या खात्यावर लागले असते. मोठ्या सेवा मात्र अजून हौदालाच धरून आहेत.

आपण ॲप लगेच बंद करावे असे आम्ही म्हणणार नाही. नवे नाव कळण्यासाठी, एखादा अनवट राग कोणी कोणी गायला आहे हे शोधण्यासाठी त्याचा उपयोग आहे. मात्र वर्गणीएवढीच रक्कम दरमहा बाजूला ठेवून वर्षातून एकदा ती त्या गायिकेकडे थेट पोहोचेल असे पाहावे. बहुतेक तरुण कलाकारांचे स्वतःचे संकेतस्थळ असते किंवा समाजमाध्यमांवर त्यांच्याशी संपर्क साधता येतो. त्याहूनही बरे म्हणजे तिची मैफल ऐकायला जावे. आपल्याला कोल्हापूर दूर नाही; तेथील गायन समाज देवल क्लब १८८३ पासून गाण्याला आसरा देत आला आहे. अशा संस्थांचे सभासद होणे, हाही कलाकाराला पैसे पोहोचवण्याचाच मार्ग आहे. किंबहुना आम्हाला तो सर्वांत खात्रीचा वाटतो, कारण सभासदांच्या वर्गणीच्या बळावर संस्थेला कमी नावाजलेल्या गायकालाही बोलावण्याचे धाडस करता येते.

प्रश्न : स्ट्रीमिंग पूर्ण सोडून गाणी विकत घेण्याचे मी ठरवले आहे. बँडकँपविषयी बरेच ऐकतो. ते खरोखर नैतिक आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : व्यवहार म्हणून ते चांगले आहे, नैतिकतेचे प्रशस्तिपत्र आम्ही कोणत्याच कंपनीला देऊ इच्छित नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर किंमत कलाकार ठरवतो, आपल्याला हवे तर त्याहून जास्त देता येते, आणि डिजिटल विक्रीतून बँडकँप १५ टक्के घेते. पैसे देण्या-घेण्याचा खर्च वजा जाता बाकी सर्व कलाकाराचे किंवा त्याच्या लेबलचे (ध्वनिमुद्रण काढणाऱ्या कंपनीचे). करोनाच्या काळात मैफली बंद पडल्या, तेव्हा २० मार्च २०२० रोजी त्यांनी दिवसभर आपला वाटा सोडला. पुढे अशा शुक्रवारांची प्रथाच पडली. खरेदी करायचीच असेल तर तो शुक्रवार साधावा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२२ मध्ये हे संकेतस्थळ एपिक गेम्स या कंपनीने विकत घेतले, आणि पुरती दोन वर्षेही झाली नाहीत तोच ते साँगट्रेडर या दुसऱ्या कंपनीकडे गेले. त्या दुसऱ्या विक्रीत जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा विकत घेतलेली फाइल त्याच दिवशी आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, शक्यतो फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) स्वरूपात, आणि तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. दुकान बंद झाले तरी गाणे आपल्याकडे राहते, हाच तर खरेदीचा फायदा आहे. आपल्याकडे याची उदाहरणे आहेत. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये काढलेले फ्लाइट हे गाण्यांचे दुकान २०१३ मध्येच बंद झाले. ज्यांनी गाणी उतरवून घेतली होती, त्यांचे काही गेले नाही. विंक हे गाणी ऐकवणारे ॲप २०२४ मध्ये बंद झाले तेव्हा तेथे फक्त ऐकणाऱ्यांच्या हाती काय उरले, याचा विचार करावा.

सहकार म्हटले की आपल्याला साखर कारखाना आणि दूध संघ आठवतात. परंतु गाण्याच्या क्षेत्रातही तो प्रयोग झाला आहे. रेझोनेट या युरोपातील सहकारी संस्थेने एक विलक्षण पद्धत आणली. गाणे पहिल्यांदा ऐकताना अगदी किरकोळ पैसे पडत, प्रत्येक वेळी दर वाढत जाई आणि नवव्यांदा ऐकले की ते गाणे श्रोत्याच्या मालकीचे होई. भारतीय संगीत अशा ठिकाणी फारसे सापडत नाही. आपल्याकडे गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्स’ सुरू करून कलाकारांना स्वतः काढलेली ध्वनिमुद्रणे थेट विकण्याची सोय केली, ती स्ट्रीमिंगचे नावही येथे कोणी घेत नव्हते तेव्हा.

प्रश्न : आम्ही परदेशात राहतो. भारतातील कलाकाराला येथून पैसे पाठवणे योग्य व सोपे आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपल्याला ते भारतातल्या श्रोत्यापेक्षा सोपे आहे. पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले. परदेशातून भारतात येणारे पैसे मात्र चालू राहिले. त्यामुळे पेपॅलवर चालणाऱ्या संकेतस्थळांवर पुण्याच्या श्रोत्याची पुण्याच्याच गायकाला पैसे देताना अडचण होते आणि आपली होत नाही. पुणेकराने सरळ यूपीआय वापरावे. आपल्याकडील महाराष्ट्र मंडळ एखाद्या कलाकाराला दौऱ्यावर बोलावत असेल, तर साथीदारांचा प्रवासखर्च आणि मानधन यांची तरतूद वेगळी केली आहे ना, हे सभासद म्हणून अवश्य विचारावे. खर्च वाचवण्यासाठी तबलावादकाला घरी ठेवून ध्वनिमुद्रित ठेक्यावर गायला लावण्याची कल्पना कोणी मांडली, तर तिला विरोध करावा.

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या दोनशेहून अधिक कॅसेट माझ्याकडे आहेत. काही बाजारातल्या आहेत, काही घरगुती बैठकींत त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत. लोकांना ऐकता याव्यात म्हणून यूट्यूबवर टाकाव्यात असे वाटते. पैसे मिळवण्याचा हेतू मुळीच नाही. यात काही गैर आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हेतू चांगला आहे, पण दोन्ही प्रकारच्या कॅसेटचा विचार वेगळा करावा लागेल. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क, प्रकाशनानंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून साठ वर्षे टिकतो. १९६० मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रिकेवरील तो हक्क २०२० च्या अखेरीस संपला. तथापि गीत आणि चाल यांचा हक्क निराळा असून तो गीतकार व संगीतकार यांच्या निधनानंतरही साठ वर्षे चालतो. म्हणजे ध्वनिमुद्रण मोकळे झाले, पण भावगीत मोकळे झाले नाही, असे होऊ शकते. आपल्या कॅसेट साठ वर्षांइतक्या जुन्या नसणार, म्हणून बाजारातल्या कॅसेट जपाव्यात, घरी ऐकाव्यात आणि प्रसिद्ध करू नयेत. ‘मी पैसे घेत नाही’ हे उत्तर येथे पुरत नाही, कारण त्याच गायकाचे अधिकृत ध्वनिमुद्रण विकत घेणारा श्रोता आपल्याकडे फुकट ऐकून निघून जातो.

घरगुती बैठकींचे मोल निराळे आहे. त्या रात्री तो राग तसा फक्त तेथेच गायला गेला आणि त्याचा पुरावा कदाचित आपल्याच कपाटात आहे. पण बैठकीत ध्वनिमुद्रणाला मान डोलावणे म्हणजे जगभर प्रसारित करण्याला संमती देणे नव्हे. कलाकारांना आपल्या सादरीकरणावर कायद्याने पन्नास वर्षांचा हक्क आहे. १९९८ च्या बैठकीसाठी तो २०४८ पर्यंत राहील. म्हणून आधी कॅसेटचे डिजिटायझेशन करून घ्यावे, कारण फीत दरवर्षी खराब होत असते. मग कलाकाराला किंवा त्याच्या कुटुंबीयांना एक प्रत द्यावी आणि लेखी विचारावे. अनेक गायकांच्या घरी त्यांचे उमेदीच्या काळातले गाणे उरलेलेच नसते. आपली कॅसेट त्यांना पैशांहून मोठी भेट वाटेल. हार्मोनिअम आणि तबल्यावर कोण होते, हेही वडिलांच्या वहीत पाहून नोंदवावे. रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी मुंबईत १९९० मध्ये स्थापन केलेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा जुन्या ध्वनिमुद्रणांच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली आहे. त्या वर्तुळातील जाणकारांचा सल्लाही घेता येईल.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाने यंदा डीजेचा खर्च टाळून शाहिराचा कार्यक्रम ठेवायचे ठरवले आहे. बिदागी किती द्यावी आणि व्यवहार कसा करावा, म्हणजे कलाकारावर अन्याय होणार नाही?
— मंडळाचे खजिनदार, सातारा

उत्तर : आकडा आम्ही सांगणार नाही, तो शाहिरांनाच विचारावा, फक्त विचारल्यावर लगेच निम्म्यावर येऊ नये. डीजेसाठी मागील वर्षी किती खर्च झाला तो वहीत असेलच, त्याच्याशी तुलना केली की घासाघीस करण्याची इच्छा आपोआप कमी होईल.

शाहीर एकटा येत नाही. ढोलकी, तुणतुणे, झीलकरी (मागे सूर धरून गाणारे) आणि गाडी चालवणारा, असे सहा-सात जण येतात, म्हणून ठरलेली रक्कम ही सर्वांची आहे की शाहिरांची एकट्याची, हे आधीच स्पष्ट करावे. सुपारी, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना तारीख, वेळ, प्रवास, जेवण, मुक्काम आणि ध्वनिव्यवस्था कोणाची, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. पाऊस आला किंवा पोलिसांनी वेळेआधी बंद करायला सांगितले तर पैसे कापले जाणार का, हेही त्यातच लिहावे, कारण वाद तेथेच होतात. उरलेले पैसे कार्यक्रम संपताच, त्याच रात्री द्यावेत. ‘विसर्जनानंतर वर्गणीचा हिशेब झाला की पाठवतो’ असे सांगून घरी धाडलेल्या कलाकारांना पुढे किती फेऱ्या माराव्या लागतात, हे कोणत्याही फडात विचारून पाहावे. ‘आमच्याकडे गाजलात तर पुढची कामे मिळतील’ हा बिदागीचा भाग होऊ शकत नाही.

आणखी एक नवी बाब. कार्यकर्ते हल्ली कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखवतात आणि नंतर मंडळाच्या वाहिनीवर ठेवतात. ते शाहिरांना चालेल का, आणि त्या चित्रफितीवर पुढे जाहिरातींचे उत्पन्न आले तर ते कोणाचे, हेही त्याच कागदावर, सुपारी देतानाच लिहून घ्यावे.