पायथनमधून एफएफएमपेग चालवणारं माझं व्हिडिओ रूपांतराचं टूल छोट्या फाइलींना चालतं, मोठी फाइल मात्र मध्येच अडकते. असं का?

तुमचा कोड बहुधा एफएफएमपेगचं एसटीडीएरर (प्रोग्राम चुका आणि सूचना जिथे लिहितो तो प्रवाह) पाइपमध्ये, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या तात्पुरत्या साठ्यात, घेतो पण वाचत नाही, म्हणून पाइप भरला की एफएफएमपेग थांबून राहतो. लिनक्सवर पाइपची क्षमता साधारण 64 केबी असते. एफएफएमपेग प्रगतीची ओळ दर अर्ध्या सेकंदाला एसटीडीएररवर लिहितो, ती 100 बाइट्सच्या आसपास धरली तर पाच-सहा मिनिटांत पाइप तुडुंब. छोटी फाइल त्याआधीच संपते, म्हणून दोष दिसत नाही.

उपाय:
- ‘नोस्टॅट्स’ (एसटीडीएररवरची प्रगतीची ओळ बंद) आणि ‘प्रोग्रेस पाइप:1’ (प्रगती एसटीडीआउटवर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटवर) हे पर्याय द्या आणि एसटीडीआउट ओळीओळीने वाचा.
- एसटीडीएरर थेट लॉग फाइलमध्ये सोडा. रूपांतर फसलं तर कारण तिथेच सापडतं, तेव्हा ते फेकून देऊ नका.
- ‘नोस्टडिन’ही द्या, नाहीतर एफएफएमपेग टर्मिनलच्या इनपुटवर डोळा ठेवून बसतो.

टक्केवारी काढायला त्या प्रगतीतल्या ‘आउट_टाइम_यूएस’ला (आतापर्यंत झालेली वेळ, मायक्रोसेकंदात) एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबत येणारं, फाइलची माहिती देणारं टूल) दिलेल्या कालावधीने भागा, आधी कालावधीचे सेकंद मायक्रोसेकंदात करून घ्या. ‘आउट_टाइम_एमएस’च्या नावावर जाऊ नका, त्यातही मायक्रोसेकंदच येतात! इथे हिशेब हजारपट चुकतो.

एक मर्यादा: ब्राउझरमध्ये रेकॉर्ड केलेल्या बऱ्याच वेबएम (वेबसाठीचा व्हिडिओ प्रकार) फाइलींत कालावधी नोंदलेलाच नसतो. तिथे टक्केवारीऐवजी नुसती झालेली वेळ दाखवा.