इसवण जुलैत, सोलकढी बाटलीत: वाचकांचे प्रश्न

गोव्यात पाऊस स्थिरावला की दोन प्रकारची पत्रं येतात: कुठे जायचं विचारणारी आणि तिथे काय खायचं विचारणारी. यंदा दुसऱ्या प्रकारचा गठ्ठा जाड आहे.

पुण्याहून सहा मित्र जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येताहेत. सगळ्यांची नजर ताज्या इसवणावर (सुरमईवर). कुठे नेऊ? (यजमान, फोंडा)

न्या कुठेही, पण इसवणाचं वचन देऊ नका. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना बंदी असते, कारण बऱ्याच मासळीचा हा विणीचा हंगाम. या दिवसांत ताटात येणारा इसवण बहुधा बर्फातला. तो खाऊ नये असं नाही, फक्त ‘आजचा’ म्हणून त्याचे पैसे मोजू नका. बर्फात फार दिवस राहिलेली तुकडी ओळखता येते: मधल्या काट्यापासून मांस सुटलेलं असतं, कडा पिवळसर पडतात आणि तव्यावर टाकली की पाणी सुटतं. गोठताना मांसातल्या पाण्याचे खडे होतात, ते तंतू फोडतात, म्हणून हे पाणी. मग रवा भिजतो, सुटून येतो आणि दोष रांधणाऱ्याच्या माथी.

१ ऑगस्टला ट्रॉलर सुटले तरी दर्या लगेच शांत होत नाही. अनेक रामपणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. तेव्हा या पाहुण्यांना खाडीची मासळी खिलवा: शेवटे, काळुंदर, चोणाक. पुणेकरांना काट्यांची सवय कमी असेल तर चोणाकाच्या जाड तुकड्या बऱ्या. काळुंदर चवीला सरस, पण काटे वेचायला सवड हवी. बाजारात ‘मानशीची सुंगटां’ आहेत का, तेही विचारा. खाजन म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधाला जी मानस (पाण्याचं दार) असते, तिथे ओहोटीचं पाणी बाहेर पडताना जाळं लावून ही कोळंबी धरतात. आकाराने लहान, चवीला गोड.

एक जेवण शिवराक (शाकाहारी) ठेवलंत तर मित्र जास्त आठवण काढतील. टाकळ्याची म्हणजे आपल्या तायकिळ्याची भाजी, फागलांची (तिकडे कर्टोली म्हणतात) रवा लावून तळलेली कापं आणि नशिबात असतील तर अळंबी. अळंबी सकाळी घेतली तर दुपारीच शिजवा. संध्याकाळपर्यंत ती काळवंडते. देठाची माती सुरीने खरवडून पाण्यातून पटकन काढायची, भिजत घालायची नाही. वारुळावर दिसली म्हणून उत्साहाने स्वतः खुडू नका, विषारी जात दिसायला अगदी तशीच असू शकते.

सहलीला सोलकढी बाटलीत भरून नेतो. दर वेळी दुपारपर्यंत फुटते. बर्फात ठेवली तरी वर पांढरा थर येतोच. (चार मैत्रिणी, म्हापसा)

यात दोन वेगळी दुखणी आहेत. थंडीत वर येणारा पांढरा थर म्हणजे नारळाची चरबी. साधारण २४ अंशांच्या खाली ती थिजते. कढी बिघडलेली नसते. बाहेर काढून अर्धा तास ठेवा आणि हलवा, बऱ्याच अंशी मिसळेल. पण खाली पाणी आणि वर दह्यासारखे कण दिसत असतील, तर ती फुटली. सोलांच्या आंबटपणाने नारळाच्या दुधातली प्रथिनं गोळा होतात. गाडीतल्या उष्णतेने हे काम आणखी लवकर होतं. शिवाय नारळाचं दूध गरम हवेत तीन-चार तासांत आंबू लागतं. वास आला असेल तर फेकूनच द्या.

उपाय एकच: दोन्ही वेगळं न्या आणि पानं मांडल्यावर मिसळा. सहा जणांसाठी २५ ते ३० सोलं (आमसुलं) दोन कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करा, गाळा. पाणी उकळतं घेऊ नका, रंग तपकिरीकडे झुकतो. हा रस दिवसभर टिकतो. बाजारातली सोलं बहुधा मिठात वाळवलेली असतात, म्हणून मीठ शेवटी, चाखून. आगळ (सोलांचा खारवलेला रस) वापरत असाल तर वरचं मीठ जवळपास विसराच.

दोन मध्यम नारळांच्या खोबऱ्यात चार लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची आणि दोन कप कोमट पाणी घालून वाटा, पिळा. चोथ्यात दीड कप पाणी घालून पुन्हा वाटून पिळा. हे दूध आदल्या रात्री प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून गोठवा. बाटली पाऊणच भरायची. गोठताना दूध फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली पिशवीतच तडकते. सकाळी काढलेली बाटली जेवणाच्या वेळेपर्यंत वितळते आणि तोवर बाकीचे डबेही गार ठेवते. मिसळताना रस दुधात घाला, थोडा थोडा, ढवळत.

एवढा खटाटोप नको असेल तर सरळ फुटी कढी करा. नावातच फुटी, त्यामुळे फुटण्याची भीती नाही. चार कप पाण्यात १५ सोलं भिजवून गाळा, मीठ आणि चिमूटभर साखर घाला. वर खोबरेल तेलात ठेचलेला लसूण, हिंग, मिरची आणि कढीपत्ता यांची फोडणी, शेवटी कोथिंबीर. नारळ नाही, म्हणून दुपारपर्यंत निवांत राहते. प्रवासासाठी आमचं मत हिलाच.

बांगड्याच्या हुमणात (कालवणात) तिरफळं घातली की कडू होतं. (नवशिका, सावर्डे)

आतलं काळं बी राहतं किंवा तिरफळं वाटणात जातात, दोन्हींपैकी एक. फक्त टरफल वापरा. अर्धा किलो बांगड्यांना ८ ते १० पुरे. खलात ठेचून दोन चमचे पाण्यात ठेवा आणि मासे घातल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत त्या पाण्यासकट घाला. जिभेला येणारी झिणझिण हा दोष नव्हे, तिरफळाची ओळख आहे. इसवणाच्या आणि सुंगटांच्या हुमणात आम्ही तिरफळ घालत नाही. तेलकट बांगडा आणि तारले त्याला पेलतात, शिवराकांत खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण).

एका दिवसात स्कूटरवरून फेरीबोटींची सहल करायची आहे. त्याच वाटेने परत यायला लागू नये. (आम्ही सहा, तीन गाड्या, पणजी)

गोल वाट आहे. पणजीहून रायबंदर, तिथून फेरीने चोडण. धक्क्यापाशीच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, कांदळवनातून पायवाट जाते. पक्षी बघायचे तर सकाळी लवकर जा. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात. पावसात कांदळवन, चिखल आणि डास. चोडण ओलांडून पुलावरून मये, तिथून नार्वे. नार्व्याला सप्तकोटेश्वर. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा, कदंबांचं कुलदैवत. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर तो नदीपलीकडे नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. त्यानंतर नार्व्याहून फेरीने दिवाडी, म्हणजे देव ज्या वाटेने आला ती उलट दिशेने. दिवाडीहून तिसरी फेरी जुने गोव्याला आणि तिथून पणजी.

आता खाचा. फेरीत पायी माणसाला तिकीट नाही, चारचाकीला आहे. ओहोटीला उतार जास्त उघडा पडतो आणि त्यावर चिखल, शेवाळ असतं. गाडी सरळ रेषेत, हळू, मागच्या ब्रेकवर उतरवा. पुढचा ब्रेक दाबलात की गाडी आडवी. मागे बसलेल्याने चालत उतरावं. फेरीत इंजिन बंद ठेवा आणि गाडीपाशी उभे राहा, फोटोसाठी कठड्यावर चढू नका. पेट्रोल पणजीतच भरा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा (झेंड्यांचा उत्सव) असतो. तो बघायचा नसेल तर त्या दिवशी ही सहल नको, धक्क्यावर रांगेतच दिवस जाईल.

बाहेरचा मित्र भाड्याची गाडी घेत असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघूनच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. ती स्वस्त मिळते आणि पोलिसांनी थांबवलं की महाग पडते.

खाण्याची सोय या वाटेवर विरळ. निघतानाच पणजीत पातळ भाजी आणि सुकी भाजी मिसळून पाव खा. दुपारचं शीत-हुमण (भात-कालवण) जुने गोव्याला किंवा पणजीत तीनच्या आत गाठा. त्यानंतर खानावळीत हुमण उरतं, तुकडी उरत नाही.

भाड्याच्या बंगल्यात उतरणार आहोत. पोदेर (पाववाला) कधी येतो आणि दुसऱ्या दिवशीसाठी पोयी ठेवता येते का? (झोपाळू मंडळी, डिचोली)

सकाळी सहा-साडेसहापासून आणि पुन्हा दुपार कलल्यावर. सायकलचा भोंपू ऐकू आला की पिशवी घेऊन पळा, तो दार वाजवत नाही. पाव तीन तऱ्हांचे: हुमणाला उंडे, चहाला कांकण, भाजीला पोयी. पोयीत कोंडा असतो आणि आत पोकळी, भाजी भरायला सोयीची. गरम पोयी प्लास्टिकमध्ये बांधली तर वाफेने ओलावते आणि दुसऱ्या दिवशी बुरसा धरते. फडक्यात ठेवा. चिवट झाली तर पाण्याचा हलका हबका मारून झाकण घातलेल्या तव्यावर दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी मात्र ती फक्त रोस-ऑम्लेटच्या रश्श्यात बुडवण्याच्या कामाची.

सोलापूरच्या शाकाहारी मावशीसाठी बेबिंक (थरांचा गोड पदार्थ) नेऊ का? (भाची, मडगाव)

नको. त्यात अंड्यांचा बलक भरपूर असतो. मावशींसाठी दोदोल (तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, काळा गूळ) किंवा चणाडाळीचं दोस न्या. दोन्हींत अंडं नसतं, तरी बेकरीत विचारून घ्या. खाजें सगळ्यांत सोपं: बेसनाच्या कांड्या, गूळ, आलं, तीळ. गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका, गूळ पाझरतो आणि कांड्यांची एकच वीट होते.