भाचीला नॉमिनी केलंय, मग मृत्युपत्र कशाला?

काकू, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही शाळेतून रिटायर झालेल्या, वय 67, मूलबाळ नाही, काका जाऊन नऊ वर्षं झाली, इंदूरच्या सुदामा नगरचा फ्लॅट स्वतःच्या पगारातून घेतलेला आणि रजिस्ट्रीही तुमच्याच नावावर, रामबागेत वडिलांच्या घरात वाटा, आणि दवाखान्यापासून लाइटच्या बिलापर्यंत सगळं बघते ती बहिणीची मुलगी. बँकेत आणि सोसायटीत तिला नॉमिनी केलंय, आता वसीयत कशाला, असं विचारलंत.

करायलाच हवी, आणि तुमच्या केसमध्ये तर जरा घाईनेच.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो. बँक तिच्या हातात पैसे देऊन मोकळी होते, पण नंतर खरे वारस येऊन मागू शकतात. आणि तुमचे वारस कोण ते ऐकून तुम्हाला राग येणार आहे. हिंदू वारसा कायदा 1956, कलम 15. बाई मृत्युपत्र न करता गेली, मुलं नाहीत, नवरा नाही, तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचे त्यानंतर. सासू-सासरे, दीर कोणी राहिले नाहीत, नणंद नव्हतीच, म्हणजे फ्लॅट दिराच्या त्या दोन मुलांचा, जे तुम्ही लिहिता की उज्जैनहून दिवाळीलाही फोन करत नाहीत. माहेरचा वाटा मात्र वडिलांच्या वारसांकडे परत जातो. फ्लॅटच्या वारसांत भाचीचं नाव कुठेच नाही.

सुप्रीम कोर्टाची 2009 ची एक केस आहे. लग्नाला तीन महिने झाले आणि नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी हाकललं, माहेरच्यांनी शिकवलं, बाईने नोकरी करून पैसे जमवले, आणि मृत्युपत्र न करता गेली. सगळं नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळालं. कोर्टालाही वाईट वाटलं, पण कायदा तोच. माझ्या मते हे कलम बदलायला हवं, पण तोवर तुम्ही थांबू नका.

साध्या कागदावरही चालतं, स्टँप ड्यूटी नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, तरी रजिस्ट्रार ऑफिसात करून घ्या, तुमचं भांडण होण्यासारखं आहे. मराठीतही लिहिता येतं, पण इथल्या ऑफिसच्या सोयीसाठी हिंदीत लिहा. दोन साक्षीदार लागतात, तुम्ही सही करताना बघणारे, आणि वयाने तुमच्यापेक्षा लहान घ्या, नंतर कोर्टात उभं राहायला एक तरी जिवंत हवा ना! भाचीला साक्षीदार करू नका, वकिलाकडे सोबत नेऊही नका, तिनेच दबाव टाकून लिहून घेतलं असं उद्या कोणी म्हणायला नको. तुम्ही शुद्धीत आहात असं डॉक्टरचं सर्टिफिकेट त्याच दिवशीचं जोडा. पुतण्यांना का नाही, हेही दोन ओळीत लिहाच.

फ्लॅट आत्ताच गिफ्ट करून टाकू का, हेही विचारलंय. नको. तो तिच्या नावावर गेला की परत मिळवताना नाकी नऊ येतात, मृत्युपत्र मात्र मन बदललं की कधीही बदलता येतं. भाची कितीही चांगली असली तरी डोक्यावरचं छप्पर शेवटपर्यंत आपल्याच नावावर असू द्या.

आणि मूळ कागद फक्त बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तुमच्यामागे तो लॉकर उघडायलाच लोक भांडतील.