भूगोल शिकवणाऱ्या माणसाला जुन्या रेकॉर्ड आणि महायुद्धाचा काळ यात एवढा रस कसा? तिन्हीचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो संबंध लाखेचा आहे. लाख म्हणजे तीच हो, पाकिटाला सील मारायची, बांगड्यांची, सुतार लोक चपडा म्हणून स्पिरिटमधे भिजत घालतात आणि पॉलिश करतात ती. माझ्या ओळखीत मी "भूगोल शिक्षक, जुन्या रेकॉर्ड, युद्धकाळातलं रोजचं जगणं" असं लिहिलंय, ते तुम्हाला तीन दिशांना तीन तोंडं वाटलं. साहजिक आहे, स्टाफरूममधे पण तसंच वाटतं लोकांना, पण माझ्या डोक्यात तो एकच विषय आहे.

चावीच्या ग्रामोफोनवर लावायच्या त्या जुन्या जाड काळ्या तबकड्या, मिनिटाला ७८ फेरे वाल्या, त्या प्लॅस्टिकच्या नसतात. त्यात साधारण पाव ते एक तृतीयांश लाख, बाकी दगडाची भुकटी, थोडे कापसाचे तंतू आणि काळ्या रंगासाठी काजळी. म्हणून तर हातातून सुटली की कपबशीसारखी फुटते. आणि लाख येते किड्यापासून. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हा बारीक किडा रस शोषत बसतो आणि अंगाभोवती राळेचं कवच करतो, ते खरवडून घ्यायचं. आपल्याकडे गोंदिया गडचिरोलीच्या बाजूला पण होते, पण मुख्य पट्टा छोटा नागपूरचा, म्हणजे झारखंड आणि त्याला लागून, रांची पलामू पुरुलिया. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जगातली बहुतेक लाख भारतातून जायची.

आता ती तयार कशी करायचे ते वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरचे पण माना वर करतात. कापडाची लांबच लांब नळीसारखी पिशवी, तिच्यात धुतलेली लाख भरायची, कोळशाच्या भट्टीपुढे धरून एकजण दुसऱ्या टोकाने पिळत बसायचा, वितळलेली लाख कापडातून गळायची, मग ती गरम पाण्याने भरलेल्या नळकांड्यावर पसरवायची, आणि मऊ आहे तोवर एक कारागीर तो तक्ता भट्टीसमोर दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दातांनी ताणून मोठा पातळ पत्रा करायचा. दातांनी! गार झाला की चुरा करून पोत्यात, पोती कलकत्त्याच्या बंदरात.

१९०२ च्या नोव्हेंबरमधे गेसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानची गाणी रेकॉर्ड केली. गाणं संपलं की ती शेवटी इंग्रजीत "माय नेम इज गौहर जान" म्हणते, लोक त्याला तिची स्टाईल समजतात, पण ते सांगायचं कारण कारखाना जर्मनीत हॅनोव्हरला होता आणि तिथल्या लोकांना लेबलवर कोणाचं नाव छापायचं ते कळावं म्हणून. म्हणजे बघा, रांचीच्या जंगलातली लाख जहाजाने युरोपात जाणार, तिथे तिच्यावर कलकत्त्याचं गाणं दाबलं जाणार, आणि पुन्हा जहाजाने मुंबईच्या दुकानात विकायला येणार. १९०८ मधे कलकत्त्यालाच कारखाना निघाला, पुढे तो शेजारच्या डमडमला गेला. उद्योगाचं स्थान कशावर ठरतं हा धडा दरवर्षी असतोच, कच्चा माल, बाजारपेठ, बंदर वगैरे. पुस्तकात उदाहरण साखर कारखान्याचं, ते मुलांना पाठ असतं. मी एक फुटकी रेकॉर्ड बाकावर ठेवतो.

आणि युद्ध का, तर एरवी हे कोणाला दिसतच नाही. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा माल कुठून येतो हे विचारायची गरज कोणाला पडते. युद्ध लागलं की मार्ग तुटतात आणि मग एकेक गोष्ट दुकानातून गायब व्हायला लागते. पहिल्या महायुद्धात ओडियनसारख्या जर्मन कंपन्यांचा इथला धंदा बसला, मुंबईत त्यांच्या रेकॉर्ड चांगल्या खपायच्या. दुसऱ्या महायुद्धात तर फारच मोठं झालं. मार्च १९४२ मधे जपान्यांनी रंगून घेतलं, अंदमान घेतलं, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडावर बाँब पडले, त्याच आठवड्यात बंगालच्या उपसागरात मालवाहू जहाजं बुडवली. आणि त्याच एप्रिलमधे अमेरिकन सरकारने रेकॉर्ड कंपन्यांना सांगितलं की लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करा. कारण एकच नव्हतं हं, लाख दारूगोळ्याला लागायची, सिग्नलच्या दिव्यांना, विजेच्या सामानाला, आणि जहाजात जागा पण नव्हती, पण भारताचा माल समुद्रावरून येतो हे सगळ्याच्या मुळाशी. तिकडे दुकानदार नवीन रेकॉर्ड घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला जुनी रेकॉर्ड मोडीत आणून दे म्हणायला लागले. कितीतरी चांगली गाणी अशी भुगा होऊन गेली असणार, विचार केला की पोटात कालवतं.

यावर मी एक तास घेतो. नववीला जगाचा कोरा नकाशा देतो आणि रांची, कलकत्ता, रंगून, विशाखापट्टणम, हॅनोव्हर, न्यू जर्सीतलं कॅम्डेन (तिथे आरसीए व्हिक्टर या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा कारखाना) एवढी ठिकाणं शोधून लाखेचा रस्ता काढायला सांगतो. मग लाल पेनाने जपान्यांनी घेतलेला भाग रंगवायचा आणि सांगायचं आता माल पाठवा. एवढ्यावर वर्गात जी भांडणं होतात! कोणी पश्चिमेकडून आफ्रिकेला वळसा घालून नेतो, कोणी मुंबईपर्यंत रेल्वेने नेतो. एका पोरीने विचारलं, सर मग त्यांची गाणी बंदच पडली का? प्रश्न बरोबर होता. तिकडे ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार पण टाकला होता, म्हणजे एकात दोन. १९४३ मधे सैनिकांसाठी व्ही-डिस्क नावाच्या रेकॉर्ड निघाल्या, त्यात विनाईल नावाचं प्लॅस्टिक वापरलं, न फुटणारं. युद्ध संपल्यावर १९४८ मधे विनाईलची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली आणि लाखेचे दिवस भरले, जरी भारतात ७८ च्या रेकॉर्ड साठच्या दशकात पण निघत होत्या.

युद्धकाळातलं आपल्याकडचं जगणं हा याचाच दुसरा तुकडा. रंगून गेलं तसा ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मुंबईला तो पोटाला लागायचा, मे १९४३ मधे मुंबईत रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमधे जो दुष्काळ पडला त्यात लाखो माणसं मेली. त्याला ब्रह्मदेश हे एकच कारण नव्हतं, सरकारी धोरण होतं, साठेबाजी होती, वादळ होतं. डमडमचा कारखाना त्याच बंगालमधे, हे मला रेकॉर्ड ऐकताना विसरता येत नाही. जुन्या गाण्यांवर सोनेरी दिवस वगैरे लिहिणाऱ्यांचा मला म्हणूनच थोडा राग येतो, त्या लेबलवर साल बघा म्हणावं एकदा.

मुलांच्या हातात द्यायला मी भोकाचा पैसा पण ठेवतो, १९४३ पासून निघालेला, मधे मोठ्ठं भोक. तांबं वाचवायचं म्हणून. त्याआधी १९४० मधे रुपयातली चांदी अर्ध्यावर आणली आणि एक रुपयाची नोट परत काढली. पैसा बोटात अंगठीसारखा घालून बघतात पोरं, बघू देत.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर महागाच्या रेकॉर्डच्या नादी लागू नका. पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, तिथे तडा गेलेल्या किंवा टवका उडालेल्या स्वस्तात मिळतात, शिकवायला त्याच चांगल्या. गाण्याच्या नावाआधी लेबलच्या कडेचं बारीक अक्षर वाचा, कुठे बनली ते तिथे असतं. आणि घरी आणून स्पिरिटने पुसू नका, लाख स्पिरिटमधे विरघळते, खाचा गेल्या की गाणं गेलं. ओलसर मऊ फडकं पुरतं, लेबल तेवढं भिजू द्यायचं नाही.