लाइन म्हणजे फळी की तुकडी?

कॅनडात एडमंटनला राहणाऱ्या आणि तिथल्या ऑइलर्स या बर्फावरच्या हॉकीच्या संघाच्या चाहत्या असलेल्या एका वाचकाने विचारलं आहे: "ऑइलर्सची मॅच संपली की आमचे मित्र तासभर लाइनवरून भांडतात. कुठली लाइन मोडायची, कुठलं कॉम्बिनेशन लावायचं, कुणाला खालच्या लाइनवर टाकायचं, कोण अंडरपरफॉर्म करतोय. हेच सांगलीला आजोबांना फोनवर सांगायला गेलो की मी अडतो. आजोबा तरुणपणी खो-खो खेळलेले आहेत. लाइनला फळी म्हणू का? आणि अंडरपरफॉर्म करणारा म्हणजे 'कमी कामगिरी करणारा' का?"

फळी हा शब्द चुकीचा नाही, पण इथे पुरत नाही. 'कमी कामगिरी करणारा' मात्र सोडूनच द्या. मराठीत असं कुणी बोलत नाही, भाषांतराचं यंत्रच बोलतं.

आधी फळी. फलक, फळा, फळी हे एकाच घरातले शब्द. मांडणीच्या फळीवर डबे ओळीने लागतात, तशी माणसं ओळीने उभी राहिली की तीही फळी. लढाईत शत्रूची फळी फोडायची असते ती हीच. आज आपण हा शब्द सर्रास वापरतो: क्रिकेटमधली मधली फळी, पक्षातली दुसरी फळी, हॉकी-फुटबॉलमधली आघाडीची फळी. या सगळ्या वापरांत फळी ठरते ती जागेवरून किंवा क्रमावरून. मैदानी हॉकीत आघाडीची फळी म्हणजे पुढे खेळणारे सगळे, जुन्या रचनेत ते पाच असायचे. संघाला अशी फळी एकच असते.

बर्फावरच्या हॉकीत तसं नाही. तिथे सामन्याला साधारणपणे बारा आघाडीचे खेळाडू असतात आणि त्यांच्या तीन-तीनच्या चार लाइन पडतात. एक मधला, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. बचाव करणाऱ्यांच्या जोड्या वेगळ्या. एक लाइन पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळते आणि खेळ चालू असतानाच कठड्याकडे धावत येते, तोवर पुढचे तिघे बर्फावर उतरलेले असतात. म्हणजे चारही लाइन आळीपाळीने एकाच जागी येतात. यांना पहिली फळी, दुसरी फळी म्हटलं तर आजोबांच्या डोळ्यांपुढे एक रांग आणि तिच्या मागे दुसरी रांग उभी राहील. चित्रच चुकेल.

नेमका शब्द तुमच्या आजोबांकडेच आहे. तो म्हणजे तुकडी. खो-खोत पळणारे तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. पहिल्या तुकडीतला तिसरा गडी बाद झाला की दोन खो व्हायच्या आत दुसरी तुकडी मैदानात आली पाहिजे. चौकटीच्या कडेला ते तिघे कसे उभे असतात आठवा: एक पाय पुढे, नजर पाठलाग करणाऱ्यावर, अंग पुढे झुकलेलं. लाइन बदलताना कठड्यावर एक मांडी टाकून वाट बघणारे तिघे मला नेहमी तसेच दिसतात. उशीर किंवा घाई झाली तर शिक्षा दोन्हीकडे आहे. खो-खोत उशिरा येणारा बाद होतो, हॉकीत ठरल्यापेक्षा जास्त गडी बर्फावर सापडले तर संघ दोन मिनिटं एका गड्याने कमी खेळतो. फरक इतकाच की खो-खोची तुकडी बाद झाल्यावरच बाहेर जाते, हॉकीची तुकडी दम खायला बाहेर जाते आणि पुन्हा येते.

शिवाय तुकडीला शाळेचाही वास आहे. अ तुकडीतून क तुकडीत टाकलं की पोराला काय वाटायचं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पहिल्या लाइनवरून चौथ्या लाइनवर गेलेल्या खेळाडूचं दुःख त्या शब्दात आपोआप येतं. म्हणून माझं मत ठाम आहे: संघाचा एकूण हल्ला म्हणायचा असेल तेव्हा आघाडीची फळी, आणि ते ठरावीक तिघे म्हणायचे असतील तेव्हा तुकडी.

'कॉम्बिनेशन'साठी संयोजन वगैरे नको. जुळणी म्हणा, नाहीतर सरळ क्रियापद वापरा. तुमच्या गावचा कायमचा वाद बघा: ऑइलर्सचे दोन अव्वल खेळाडू, कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायसाइटल, एकाच लाइनवर हवेत की वेगवेगळ्या? मराठीत हा वाद किती सहज मांडता येतो! दोघांची गट्टी आहे, एकत्र आले की समोरच्याची धांदल उडते. पण दोन्ही हुकमाचे एक्के एकाच तुकडीत घातले तर बाकीच्या तुकड्या पोकळ पडतात. आणि दोघं एकत्र ठेवलेच, तर तिसरा कोण जमतो? हे 'जमणं' फार मोलाचं आहे. इंग्रजीत त्यासाठी रसायनशास्त्र लागतं, आपलं 'त्यांचं जमतं' एवढ्यावर भागतं.

आता अंडरपरफॉर्म. यात खेळ वाईट झाला एवढंच नसतं, अपेक्षेपेक्षा कमी झाला हे महत्त्वाचं. ऑइलर्सच्याच झॅक हायमनने २०२३-२४च्या मोसमात ५४ गोल केले, पुढच्या मोसमात २७. सत्तावीस गोल हा कुणाही खेळाडूला अभिमान वाटावा असा आकडा, पण चोपन्ननंतर तो निम्मा आहे. अशा खेळाडूला अकार्यक्षम म्हणणं अन्यायाचं आहे, निकामी तर नाहीच नाही. आपल्या क्रीडावार्ताहरांचा नेहमीचा वाक्प्रयोग इथे चपखल बसतो: लौकिकाला साजेसा खेळ झाला नाही. 'लौकिक' म्हटलं की अपेक्षा आलीच.

बोलताना मात्र मी 'सूर हरपलाय' म्हणेन. गाण्यातून आलेला हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात गळा शाबूत आहे हे गृहीत असतं. हरपलेला सूर पुन्हा गवसतो. एका सामन्यापुरतं बोलायचं तर 'निष्प्रभ ठरला' पुरे. 'ढेपाळला' हा शब्द बहुधा डावाला किंवा संघाला लागतो, एकट्याला कमी. आणि अंगात खेळ असून जो अंग चोरतो, त्याच्यासाठी 'पाट्या टाकतोय'. हा आरोप आहे, जपून करावा. सूर हरपलेला माणूस धडपडत असतो, पाट्या टाकणारा धडपडतही नाही, आणि चाहत्यांची निम्मी भांडणं या दोघांत गल्लत झाल्यामुळे होतात.

कच्चा लिंबू मात्र म्हणू नका. कच्च्या लिंबाकडून कुणाची काही अपेक्षाच नसते.

तर पुढच्या फोनवर आजोबांना असं सांगून बघा: "आजोबा, आमच्या दुसऱ्या तुकडीचं काही जमेना. मधला चांगला आहे, पण उजवीकडच्याचा सूर हरपलाय आणि डावीकडचा नुसत्या पाट्या टाकतोय. तुम्ही असता तर कुणाला बाकावर बसवलं असतं?" ते काय म्हणतात, मला जरूर कळवा.