पाळक जे शिकवतात ते बायबलनुसार आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

आधी मनातली भीती काढा. तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे. प्रेषितांची कृत्ये 17:11 वाचा: बिरुया शहराच्या लोकांनी खुद्द प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं आणि त्यासाठी त्यांचं कौतुकच झालं.

हल्ली सर्रास ऐकू येणारं उदाहरण घ्या: ‘विश्वास पक्का असेल तर पैसा आणि आरोग्य मिळणारच.’ आधाराला 3 योहान 2 (योहानाच्या तिसऱ्या पत्रातलं दुसरं वाक्य) दिलं जातं. ते पूर्ण पत्र वाचा, एकच अध्याय आहे. ते वाक्य म्हणजे ज्याला पत्र लिहिलं त्या गायसाला, तुझं भलं होवो आणि तू निरोगी असावास, अशी कळवलेली सदिच्छा आहे, सगळ्यांना दिलेलं आश्वासन नाही. शिवाय पौलाच्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघाला नाही (2 करिंथ 12), त्याचा सहकारी तीमथ्य याला वरचेवर दुखणी होती, दुसरा सहकारी त्रफिम मिलेत शहरात आजारीच राहिला. यांचा विश्वास कमी होता म्हणायचं का? आजारी माणसाला असं ऐकवलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

म्हणून बायबलमधलं एखादं वचन सांगितलं की मागचा-पुढचा भाग वाचाच. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या. पंडिता रमाबाईंनी त्यासाठीच तर आयुष्याची कितीतरी वर्षं वेचली. मग पाळकांना एकांतात, आदराने विचारा. चांगला पाळक तुमच्यासोबत बायबल उघडून बसेल.